वाद्य पितळेचे, कूळ काष्ठाचे : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात कॉन्सर्ट बँडमधील वाद्यांची तोंडओळख करून देणारे एक पान आम्ही छापले होते. कॉन्सर्ट बँड म्हणजे बसून, स्वरलिपी समोर ठेवून वाजवणारा, फुंकवाद्ये आणि आघातवाद्ये यांचा ताफा. त्यात व्हायोलिनचा वर्ग नसतो आणि व्हायोलिनच्या वाट्याचे बरेचसे काम क्लॅरिनेट उचलतात, एवढे त्या पानावर सांगितले होते. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून जी पत्रे आली, त्यांतील काही प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या बँडमध्ये आल्टो सॅक्सोफोन वाजवते. कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव ‘काष्ठवाद्ये’ या गटाखाली छापले होते. वाद्य तर नखशिखान्त पितळेचे आहे. ही छपाईची चूक समजावी काय? (एक पालक, नौपाडा)

उत्तर : चूक नाही, मुलीचे नाव योग्य गटातच आहे. आपल्याकडे नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले आहेत आणि बँडमधील फुंकून वाजवायची यच्चयावत वाद्ये त्यांपैकी सुषिर या एकाच वर्गात बसतात. पाश्चात्त्यांनी या एका घराच्या दोन वाटण्या केल्या. वाटण्यांना नावे पडली ती लाकूड आणि पितळ अशी साहित्यावरून. परंतु आज वाद्य कोणत्या वाटणीत घालायचे हे ठरवताना नळी कशाची आहे हे पाहत नाहीत, तर नळीतील हवेला पहिला कंप कोण देतो हे पाहतात.

हा कंप तीन प्रकारांनी मिळतो. बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर घातली की ती घुमते, त्याप्रमाणे फ्लूट आणि पिकोलो यांत फुंकर एका धारेवर आपटून दुभंगते. दुसऱ्या प्रकारात पत्ती थरथरते : सनईप्रमाणे दोन पत्त्या एकमेकींवर बांधलेल्या असतील तर ओबो आणि बॅसून, आणि माउथपीसवर एकच पत्ती आवळून बसवलेली असेल तर क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन. तिसऱ्या प्रकारात पत्ती नसतेच. वादकाचे स्वतःचे ओठच वाटीसारख्या माउथपीसवर थरथरतात. आपली तुतारी अशीच वाजते, आणि ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम व ट्यूबाही अशीच वाजतात. पहिले दोन प्रकार काष्ठवाद्यांचे, तिसरा पितळी वाद्यांचा. या हिशेबाने देवघरातील शंख हा ट्रम्पेटचा भाऊबंद ठरतो. युरोपात पूर्वी ‘सर्पंट’ नावाचे, लाकडाचे, वरून कातडे मढवलेले आणि सापासारखे वळणांचे वाद्य होते. ते ओठांनी वाजत असल्यामुळे लाकडाचे असूनही पितळी वाद्यांतच मोजले जाते.

सॅक्सोफोनचा जनक आडोल्फ साक्स हा बेल्जियमचा वाद्यकारागीर. त्याने १८४६ मध्ये पॅरिस येथे या वाद्याचे पेटंट घेतले. पत्ती त्याने क्लॅरिनेटसारखी ठेवली, मात्र नळी वरपासून खालपर्यंत रुंदावत जाणारी, म्हणजे शंकूच्या आकाराची केली. दिसायला हा फरक किरकोळ आहे, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. क्लॅरिनेटची नळी बव्हंशी सरळ, एकाच जाडीची असल्यामुळे वरच्या पट्ट्यात जाण्यासाठी मागची चावी दाबली की स्वर एका सप्तकाने चढत नाही, तर एक सप्तक आणि वर एक पंचम एवढा चढतो. म्हणजे खाली जी बोटे ‘सा’ देतात तीच वर ‘प’ देतात आणि विद्यार्थ्याला जणू दोन स्वतंत्र तक्ते पाठ करावे लागतात. सॅक्सोफोनवर त्याच बोटांनी बरोबर वरच्या सप्तकातील तोच स्वर येतो. आपल्या मुलीने पहिल्याच वर्षी दोन सप्तके वाजवली असतील तर त्याचे थोडे श्रेय साक्सच्या शंकूलाही द्यावे. मात्र सॅक्सोफोनवर स्वर लवकर निघतो याचा अर्थ तो लवकर सुरात येतो असा नव्हे; जबडा आवळला की तो चढतो, सैल सोडला की उतरतो, आणि बहुतेक शालेय बँडमध्ये हीच वाद्ये सर्वाधिक बेसूर ऐकू येतात, असे माझे प्रांजळ मत आहे.

प्रश्न : कॉलेजात असताना मी एनसीसीत बिगुल वाजवत असे. त्याला एकही चावी नव्हती. ट्रम्पेटला तीनच खटके असतात; त्यांतून सगळे स्वर कसे निघतात? (एक निवृत्त वाचक, ऐरोली)

उत्तर : बिगुल वाजवलेल्या माणसाला हे उत्तर पटकन समजेल, कारण अर्धे उत्तर आपल्या ओठांना ठाऊकच आहे. एका ठराविक लांबीच्या नळीतून ओठांच्या ताणानुसार मोजकेच नैसर्गिक स्वर निघतात. सर्वांत खालच्या उपयोगी स्वराला ‘सा’ म्हटले, तर त्यानंतर थेट ‘प’, मग तार ‘सा’, त्यावर ‘ग’ आणि ‘प’ असा तो क्रम असतो. बिगुलावरच्या सगळ्या हाका या चारपाच स्वरांतच रचलेल्या असतात. तेथे ‘रे’ मागून मिळत नाही.

ट्रम्पेटचा खटका दाबला की हवेची वाट एका जादा नळीतून वळवली जाते, एकूण नळी लांब होते आणि स्वर उतरतो. पेटीवर पट्टी दाबली की स्वर उमटतो, म्हणून नवशिक्याला वाटते की खटका दाबून आपण स्वर ‘काढतो’. वस्तुतः आपण तो खाली उतरवतो. मधला, म्हणजे दुसरा खटका अर्ध्या स्वराने उतरवतो, पहिला एका स्वराने आणि तिसरा दीड स्वराने. आता हिशेब पाहा. ‘सा’ आणि ‘प’ यांच्यामध्ये कोमल रे, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध ग, शुद्ध म आणि तीव्र म असे सहा स्वर येतात. ‘प’पासून खाली उतरायचे तर दुसरा, पहिला, पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा आणि तिन्ही अशा बरोबर सहा पायऱ्या मिळतात, आणि नैसर्गिक स्वरांमधील सर्वांत मोठी दरी भरून निघते. त्यावरच्या दऱ्या लहान असल्यामुळे तेथे याहून कमी पायऱ्या पुरतात.

या हिशेबात एक खोट आहे, आणि ट्रम्पेटच्या तिसऱ्या खटक्याच्या नळीवर बसवलेली कडी त्या खोटीवरचा इलाज आहे. प्रत्येक खटक्याची जादा नळी मूळ नळीच्या लांबीला धरून कापलेली असते. सुमारे दीड मीटरची मूळ नळी पहिल्या खटक्याने आधीच लांबली, की तिसऱ्याची नळी त्या मानाने तोकडी पडते आणि स्वर थोडा चढा लागतो. म्हणून वादक त्या कडीत डाव्या हाताचे बोट घालून नळी किंचित बाहेर ढकलतो. खटक्यांची ही युक्ती जर्मन भूमीत ष्ट्योल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांच्या प्रयत्नांतून पुढे आली आणि तिचे पेटंट १८१८ मध्ये मिळाले. त्याआधीच्या ट्रम्पेटवादकाला पट्टी बदलायची तर नळीचा तुकडाच काढून दुसरा बसवावा लागे.

प्रश्न : मुलगा क्लॅरिनेट शिकतो. घरच्या पेटीवर मी पांढरी एक धरली आणि त्याने त्याचा ‘सी’ वाजवला, तर दोन्ही जुळत नाहीत. शिक्षक म्हणतात वाद्य ठीक आहे. मग पेटी बिघडली आहे काय? (एक पालक, नेरुळ)

उत्तर : पेटीही ठीक आहे आणि शिक्षकही. बासरीवादकाची पिशवी आपण पाहिली असेल. तीत निरनिराळ्या पट्ट्यांच्या सातआठ बासऱ्या असतात. बोटे प्रत्येकीवर तीच, वादक ‘सा’ म्हणतो तेव्हा झाकायची छिद्रेही तीच, मात्र प्रत्यक्ष निघणारा ‘सा’ बासरीगणिक वेगळा. बँडमधील पुष्कळ वाद्ये नेमकी अशीच वागतात. फरक इतकाच की आपण सरगम ‘सा’ला धरून लिहितो, तर पाश्चात्त्य वादक बोटांच्या ठेवणीला ‘सी’, ‘डी’ अशी नावे देऊन तीच कागदावर लिहितो.

आपल्या मुलाचे क्लॅरिनेट ‘बी-फ्लॅट’चे आहे. त्याने कागदावरचा ‘सी’ वाजवला की कानाला पेटीची काळी पाच ऐकू येते. नेहमीच्या ट्रम्पेटचेही तसेच. आल्टो सॅक्सोफोन ‘ई-फ्लॅट’चा असल्यामुळे त्याचा ‘सी’ म्हणजे काळी दोन, आणि हॉर्न ‘एफ’चा असल्यामुळे त्याचा ‘सी’ म्हणजे पांढरी चार. फ्लूट, ओबो, ट्रॉम्बोन हे मात्र जे लिहिले तेच बोलतात. आपल्या पांढरी एकशी जुळवायचे तर क्लॅरिनेटने आणि ट्रम्पेटने ‘डी’, आल्टो सॅक्सोफोनने ‘ए’ आणि हॉर्नने ‘जी’ वाजवावा. म्हणूनच बँडशिक्षक नुसते ‘बी-फ्लॅट’ न म्हणता ‘कॉन्सर्ट बी-फ्लॅट’ म्हणतात. त्या एका हुकमावर क्लॅरिनेटवाले ‘सी’, आल्टोवाले ‘जी’ आणि हॉर्नवाले ‘एफ’ वाजवतात आणि सगळ्यांची मिळून काळी पाच घुमते.

हा उपद्व्याप कशासाठी, असे आपण विचाराल. सोयीसाठी. सॅक्सोफोनचे सोप्रानो, आल्टो, टेनर, बॅरिटोन असे लहानमोठे भाऊ आहेत. आल्टोवाल्याच्या हाती उद्या टेनर दिला तर त्याला नवी बोटे शिकावी लागत नाहीत, बदल कागदावर आधीच झालेला असतो. याचा एक व्यावहारिक उपयोग सांगतो. गणेशोत्सवात किंवा स्नेहसंमेलनात बँडच्या साथीने कोणी गाणार असेल आणि त्यांची पट्टी पांढरी तीन असेल, तर क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर सहा आणि आल्टोवाल्याच्या कागदावर चक्क सात तीव्र खुणा येतात. गाणाऱ्यांना विनंती करून अर्धा स्वर खाली, काळी दोनवर आणावे. मग क्लॅरिनेटला एकच कोमल खूण उरते आणि आल्टोला एकही नाही. एवढी विनंती गाणारे सहसा मान्य करतात.

प्रश्न : ट्रॉम्बोनवाले मधूनच वाद्यातून थुंकी सांडतात. हे शिष्टाचाराला धरून आहे काय? (एक वाचिका, कोपरी)

उत्तर : ते बहुतांशी पाणी असते. उच्छ्वासातील ओलसर, उबदार हवा धातूच्या थंड नळीला लागून तिचे थेंब होतात, आणि ते साठले की स्वर गुरगुरतो. पाणी काढावेच लागते. खाली फडके अंथरावे, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.

प्रश्न : मी आठ वर्षे बासरी वाजवतो. फ्लूट मला सोपा जाईल का, आणि त्यावर मींड घेता येईल का? (एक विद्यार्थी, कळवा)

उत्तर : फुंकर आपल्याला आयती मिळाली आहे, आणि फ्लूट शिकताना पहिले काही आठवडे सगळी झटापट फुंकरीशीच असते. ओठांतील फट, फुंकरीचा कोन, वरच्या सप्तकासाठी लागणारी वेगवान पण बारीक धार हे सारे आपण जाणताच. बोटे मात्र नव्याने शिकावी लागतील. बासरीवर छिद्र अर्धे झाकून आपण कोमल स्वर काढतो. फ्लूटवर प्रत्येक अर्ध्या स्वरासाठी चावीची स्वतंत्र योजना आहे. थिओबाल्ड बोम या जर्मन वादक-कारागिराने १८४७ मध्ये जी रचना सिद्ध केली, तिच्यात छिद्रे बोटांच्या सोयीने न पाडता नादशास्त्राच्या हिशेबाने, जेथे हवीत तेथे आणि हवी तेवढी मोठी पाडली. ती बोटांनी झाकण्याजोगी राहिली नाहीत, म्हणून गाद्या लावलेल्या चाव्या आल्या.

याच कारणाने मींड अवघड होते, कारण चावी एकदम उघडते आणि एकदम मिटते. काही फ्लूटच्या चाव्यांना मध्ये भोक असते, त्यांवर बोट हळूहळू सरकवून थोडी मींड साधते. ओठ आणि मुखभाग वळवूनही स्वर किंचित ओढता येतो. चाव्यांच्या वाद्यावर आपले संगीत वाजतच नाही असे मात्र कोणी म्हणू नये. कद्री गोपालनाथ यांनी सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवून दाखवले आणि तेही गमकांसकट. बँडमध्ये खरी, अखंड मींड हवी असेल तर ती ट्रॉम्बोनजवळ आहे. त्याच्या सरकत्या नळीच्या सात जागा ठरलेल्या असल्या तरी त्यांच्यामध्ये कोठेही थांबता येते. दुर्दैवाने बँडचे रचनाकार तिचा वापर बहुधा विनोदासाठीच करतात.

प्रश्न : मे महिन्यात आमच्या बँडने नाट्यगृहाच्या आवारात उन्हात उभे राहून स्वर जुळवले आणि आत वातानुकूलित रंगमंचावर गेल्यावर सगळे उतरले. आमचे काय चुकले? (बँडमधील एक वादक, वाशी)

उत्तर : जागा चुकली. ध्वनीचा वेग हवेच्या तपमानाबरोबर वाढतो आणि फुंकवाद्याचा स्वर त्या वेगावर अवलंबून असतो. दर अंश सेल्सिअसला अर्ध्या स्वराचा सुमारे तीन शतांश एवढा फरक पडतो. बाहेर ३४ अंश आणि आत २४ अंश असतील तर हवेच्या हिशेबाने अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. वादकाच्या श्वासाने वाद्य आतून गरम होत असल्यामुळे प्रत्यक्षात फरक यापेक्षा कमी पडतो, पण जो ट्यूबावाला स्वरलिपीतील वीस मापे (बार) गप्प बसून आहे त्याची साडेपाच मीटरची नळी तोवर थंडगार झालेली असते. त्यात झायलोफोनच्या पट्ट्या हवेच्या या नियमाला बांधलेल्या नाहीत, त्या आपल्या जागीच राहतात, म्हणून मतभेद अधिकच उघडा पडतो.

रंगमंचावर जाऊन, दहा मिनिटे वाजवून, मग स्वर जुळवावेत. तोपर्यंत ज्यांना वाजवायचे नाही त्यांनीही वाद्यात नुसता उबदार श्वास सोडत राहावे. आणि स्वर जुळवताना नळी थोडी बाहेर काढलेली असावी. ती पूर्ण आत ढकलून बसलेल्या वादकाला पुढे चढायला जागाच उरत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात क्लॅरिनेट कसे सांभाळावे? (एक वाचक, बेलापूर)

उत्तर : मी जे केले ते करू नये. काही वर्षांपूर्वी जूनच्या अखेरीस मी माझे लाकडी क्लॅरिनेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवले. ओल बाहेर राहील असा हिशेब होता. ती आत कोंडली गेली. गणपतीच्या आधी पेटी उघडली तेव्हा गाद्यांवर हिरवट बुरशी होती आणि लाकूड फुगून मधला सांधा इतका घट्ट बसला होता की दुरुस्ती करणाऱ्याने तो जोर लावून पिळला आणि सांध्याची कडा चिरली. सांधा अडकला तर पिळू नये. कोरड्या खोलीत एक-दोन दिवस तसाच ठेवून मग हलक्या हाताने प्रयत्न करावा.

रोज वाजवून झाल्यावर सुती किंवा रेशमी फडके नळीतून दोनतीनदा ओढावे, सांध्यांच्या बुचावर ग्रीस लावावे आणि वाद्य जोडलेले न ठेवता सुटे करूनच पेटीत ठेवावे. पत्ती माउथपीसवर लावलेली ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. पत्ती म्हणजे शेवटी गवत. बोरूची आठवण करून देणाऱ्या एका उंच, पोकळ गवताच्या कांडीतून ती कापतात आणि दक्षिण फ्रान्समधील व्हार प्रांत या पिकासाठी प्रसिद्ध आहे. ती स्वच्छ पाण्यात विसळून, पुसून, सपाट सुकवावी. तीनचार पत्त्या आलटूनपालटून वापराव्यात. पाकिटावरील आकडा पत्तीचा ताठपणा सांगतो, दर्जा नव्हे. नवशिक्याने दोन किंवा अडीचची घ्यावी आणि शेजारचा मुलगा साडेतीनची वापरतो म्हणून तिकडे धावू नये. चावीची गादी चिकटू लागली तर तिच्याखाली पातळ टिपकागद ठेवून चावी हलके दाबावी, ओल कागदात उतरते.

प्रश्न : साठीनंतर वाद्य शिकावे असे वाटते. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट यांत मन अडकले आहे. आमची सोसायटी घोडबंदर रस्त्यावर असून शेजारी सोशिक नाहीत. काय घ्यावे? (एक वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : आधी दात पाहावेत. ट्रम्पेटचे माउथपीस पुढच्या दातांवर टेकते आणि क्लॅरिनेटचे वरच्या दातांखाली धरावे लागते, त्यामुळे कवळी असेल तर दंतवैद्यांना वाद्य दाखवूनच निर्णय घ्यावा.

शेजाऱ्यांचा विचार केला तर गंमत अशी की गोंगाट्या म्हणून ओळखले जाणारे ट्रम्पेटच अधिक सोयीचे पडते. ट्रम्पेटचा जवळजवळ सगळा आवाज पुढच्या कर्ण्यातूनच बाहेर पडतो. त्यात सरावाचा म्यूट, म्हणजे आवाज दाबणारे बूच, बसवला की शेजारच्या खोलीत दूरदर्शन पाहणाऱ्यालाही त्रास होत नाही. क्लॅरिनेटचा आवाज उघड्या छिद्रांमधून जागोजागी निघतो, कर्ण्यातून केवळ सर्वांत खालचे काही स्वर येतात, त्यामुळे कर्ण्यात बोळा कोंबून काही साधत नाही. म्यूटमुळे फुंकर थोडी अडते आणि स्वर जरा चढतो, म्हणून आठवड्यातून दोनदा तरी म्यूट काढून वाजवावे लागेल. त्यासाठी उपवन तलावाच्या काठची सकाळ चांगली, पण सहाच्या आधी नको. रात्री १० ते सकाळी ६ हा कायद्यानेच शांततेचा काळ आहे. पहिले दोन महिने नुसते लांब, स्थिर स्वर लावावेत, जसा गाणारा खर्ज भरतो. ओठ दमले की थांबावे. सुरुवातीला ते दहा मिनिटांतच दमतात, आणि दमलेल्या ओठांवर माउथपीस दाबून पुढचे पाच स्वर ओढणे हाच ट्रम्पेट सोडून देण्याचा नेहमीचा रस्ता आहे.